मॅकिंटॉशच्या मुलखात, मामांसोबत

गुरुवार, मेकन (जॉर्जिया)

ओकमल्गी या आदिवासींच्या जुन्या वस्तीतल्या मातीच्या सभागृहात शिरायला बोगद्यासारखी बुटकी वाट आहे. मामांसारख्या उंच माणसाला कमरेत पार वाकावं लागलं. आत काचेपलीकडे गोल खोली, भिंतीलगत मातीतच घडवलेल्या बैठका आणि समोर मोठ्या पक्ष्याच्या आकाराचा ओटा. छत १९३० च्या दशकात नव्याने घातलेलं, पण खालची जमीन हजारेक वर्षांपूर्वीची. मामांनी बैठका मोजायला घेतल्या. भिंतीलगत सत्तेचाळीस, ओट्यावर तीन.

"पन्नास जण बसायचे म्हणजे. आणि राजाची गादी कुठली?"

मामा साताऱ्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले. सध्या अटलांटाला लेकीकडे आलेत. घरं, गवत, पुन्हा घरं अशा कॉलनीत फेऱ्या मारून कंटाळले होते. मी क्रीक आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या वाटेने चार ठिकाणं बघायला निघतोय म्हटल्यावर त्यांनी फक्त एकच विचारलं, "कागदपत्रं बघायला मिळतील का?"

राजाची गादी नव्हती, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ज्यांना इंग्रज व्यापारी क्रीक म्हणाले ते मस्कोगी लोक म्हणजे गावांचा संघ होता. चॅटाहूची आणि फ्लिंट नद्यांकाठची ती खालची गावं, अलाबामातल्या कूसा-टॅलापूसा नद्यांकाठची ती वरची. प्रत्येक गावाचा मुखिया वेगळा, सभा वेगळी. मोठ्या प्रश्नावर सगळ्या गावांची राष्ट्रीय सभा बसायची. जमीन एकट्यादुकट्याची नव्हती, कसायला घेतलेली शेतं असली तरी विकायचा हक्क कुणालाच नव्हता. कूळ आईकडून चालायचं. मूल आईच्या कुळाचं, आणि त्याला वळण लावायची जबाबदारी बापापेक्षा मामावर जास्त. हे वाक्य मी जरा मोठ्याने सांगितलं. मामा खूश. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दोनदा फोनवर साताऱ्याला कळवलं.

बाहेर मोठ्या टेकडीच्या जिन्यावरून चढून गेलो. पंचावन्न फूट उंच, पूर्ण माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेली. वरून मेकन शहर दिसतं आणि हायवेची घरघर सतत ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात इथून रेल्वे नेली तेव्हा टेकड्या कापल्या, त्यांतली एक दफनाची होती.

१८०५ च्या तहात मस्कोगींनी ओकोनी आणि ओकमल्गी या दोन नद्यांमधला मुलूख सोडला, पण ही जागा सोडायला तयार झाले नाहीत. नदीच्या पूर्वेला तीन मैल बाय पाच मैलांचा तुकडा राखून ठेवला. १८२० च्या दशकात तोही गेला. त्या १८०५ च्या कागदावर सह्या करणाऱ्यांत कोवेटा गावचा एक तरुण मुखिया होता, विल्यम मॅकिंटॉश. आमची सगळी सहल याच माणसामागे.

शुक्रवार, इंडियन स्प्रिंग्ज

मेकनहून वर तासाभरावर फ्लोव्हिला नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ हे झरे. एप्रिलचा महिना, त्यामुळे पाइनच्या परागकणांची हळदीसारखी पिवळी पूड गाडीच्या काचेवर, बाकांवर, मामांच्या काळ्या बुटांवर. पार्कात दगडी छपराखाली गंधकाच्या पाण्याचा नळ आहे आणि लोक कॅन घेऊन भरायला येतात. वास कुजक्या अंड्यांचा. मामांनी ओंजळभर प्यायलं, तोंड वाकडं केलं आणि बाटली भरून घेतली. गुडघ्यांना चोळणार म्हणे. पुढे सबंध प्रवासभर ती बाटली गाडीच्या डिकीत आपलं अस्तित्व जाणवून देत होती.

रस्त्याच्या पलीकडे मॅकिंटॉशने १८२३ मध्ये बांधलेलं हॉटेल अजून उभं आहे. दुमजली, लाकडी, लांबलचक ओसरीचं. आत जाता आलं नाही, बाहेरूनच हिंडलो. समोर एक मोठा खडक आहे, त्यावर तहाची आठवण सांगणारा फलक.

मॅकिंटॉशची आई सेनोया, वारा कुळातली. बाप स्कॉटिश वंशाचा कॅप्टन, अमेरिकी क्रांतीत इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढलेला. गोऱ्यांच्या कागदात याला सतत 'अर्धा' म्हटलेलं दिसतं, पण मस्कोगींच्या हिशेबात आई वारा कुळातली म्हणजे मुलगा पूर्ण त्यांचा. टस्टनगी हुटकी, पांढरा योद्धा, हे त्याचं तिथलं नाव. बापाकडून मिळालं ते इंग्रजी आणि नातेवाईक. जॉर्जियाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप त्याचा भाऊ लागायचा, ट्रूपची आई मॅकिंटॉश घराण्यातली.

उद्योग किती? कापसाची शेती, त्यावर राबणारे काळे गुलाम, नदीवर नावेची ने-आण, प्रवाशांसाठी खानावळ, व्यापार. माजी गव्हर्नर डेव्हिड मिचेल क्रीक लोकांवर सरकारी एजंट म्हणून आला तेव्हा दोघांचं चांगलं जमलं, आणि सरकारकडून लोकांना येणाऱ्या वार्षिक रकमेवर त्यांचा हात राहिला. गुलामांच्या चोरट्या आयातीच्या प्रकरणात १८२१ मध्ये मिचेलची नोकरी गेली. नवा एजंट जॉन क्रोवेल आला, त्याचं आणि मॅकिंटॉशचं हाडवैर.

आता जॉर्जियाची भूक. १८०२ मध्ये या राज्याने आपला पश्चिमेचा मुलूख, म्हणजे पुढचे अलाबामा आणि मिसिसिपी, केंद्र सरकारला दिला. बदल्यात केंद्राने कबूल केलं की जॉर्जियाच्या हद्दीतल्या आदिवासींचा हक्क शांततेने आणि वाजवी अटींवर संपवू. तेव्हापासून प्रत्येक गव्हर्नर वॉशिंग्टनला विचारत होता, कधी? १८२१ मध्ये याच झऱ्यांवर पहिला तह झाला, ओकमल्गी ते फ्लिंट पट्टा गेला. त्या तहात मॅकिंटॉशच्या नावाने इथले हजार एकर आणि ओकमल्गीकाठचे सहाशे चाळीस एकर वेगळे राखले गेले.

"वैयक्तिक?" मामांनी भुवई वर केली.

"हो."

"मग पुढचं सांगू नकोस, कळलं."

पण पुढचं ऐकण्यासारखं आहे. १८२३ मध्ये मॅकिंटॉश शेजारच्या चेरोकींच्या सभेला गेला आणि तिथल्या पुढाऱ्यांना पत्रातून पैसे देऊ केले, जमीन विकायला राजी व्हा म्हणून. जॉन रॉसला दोन हजार डॉलर. रॉसने ते पत्र भर सभेत वाचायला लावलं. मॅकिंटॉश तिथून निघाला तो मानहानी घेऊनच. मला त्याच्याबद्दल जी थोडी सहानुभूती होती ती या प्रसंगापाशी संपते. ज्यांना तो बुद्धीचा, काळाची पावलं ओळखणारा पुढारी वाटतो, ते म्हणतात की जमीन जाणारच होती, त्याने निदान चांगली किंमत काढायचा प्रयत्न केला. असेल. पण शेजाऱ्याला लाच देणं हे त्या युक्तिवादात कुठे बसवायचं?

१८२४ च्या डिसेंबरात ब्रोकन ॲरो गावच्या सभेत मुखियांनी विक्रीला साफ नकार दिला होता. तेव्हा कॅम्पबेल आणि मेरिवेदर या सरकारी आयुक्तांनी पुन्हा सभा बोलावली ती मॅकिंटॉशच्या या हॉटेलावर. १२ फेब्रुवारी १८२५. जॉर्जियातला क्रीकांचा उरलेला सगळा मुलूख आणि अलाबामातला मोठा भाग द्यायचा, बदल्यात मिसिसिपीपलीकडे तितकीच जमीन आणि चार लाख डॉलर. सह्या केल्या त्या कोवेटा आणि मोजक्याच गावांच्या लोकांनी. मॅकिंटॉशची हजार एकर आणि हॉटेल सरकारने पंचवीस हजार डॉलरला घ्यायचं, असं पुरवणी कलम दोन दिवसांनी जोडलं गेलं.

वरच्या गावांचा प्रवक्ता ओपोथलेयाहोला हजर होता. त्याने आयुक्तांना तोंडावर सांगितलं की सबंध सभेच्या संमतीशिवाय इथे कुणालाही विकायचा अधिकार नाही. बाहेर येऊन तो या खडकावर चढला आणि मॅकिंटॉशला परिणामांचा इशारा दिला, अशी इथली आख्यायिका आहे. फलकामुळे ती खडकाला कायमची चिकटलीय.

मामा खडकाला टेकून उभे होते. म्हणाले, "सामाईक खात्यात शंभर नावं असताना एकाने उठून सबंध गटाचं खरेदीखत करून द्यावं, तसं झालं हे. बरं, हरकत नोंदवलेली दिसते. मंजूर कोणी केलं?"

सिनेटने केलं. एजंट क्रोवेलने वॉशिंग्टनला कळवलं होतं की हा तह बहुसंख्य गावांना मान्य नाही. जॉन क्विन्सी ॲडम्सने ४ मार्चला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ७ मार्चला तहाला मंजुरी मिळाली. सहीपासून मंजुरीपर्यंत महिनाही नाही.

"आमच्याकडे साध्या वारस नोंदीला याहून जास्त वेळ लागायचा," मामा म्हणाले. यात तक्रार होती की अभिमान, ते कळलं नाही.

शनिवार, व्हाइट्सबर्ग

सकाळी पश्चिमेला निघालो. वाटेत रस्त्याकडेला एक म्हातारा मोठ्या पातेल्यात शेंगा उकडून विकत होता. जॉर्जियात हा प्रकार गावोगाव दिसतो. मामांनी दोन पिशव्या घेतल्या, मीठ जरा जास्त आहे असं सांगितलं आणि न्यूनन येईपर्यंत एक पिशवी संपवली.

न्यूनन हे कोवेटा काउंटीचं मुख्य गाव. शेजारी ट्रूप काउंटी. मॅकिंटॉशचं गाव आणि मॅकिंटॉशचा भाऊ, दोघेही नकाशावर शेजारी शेजारी. या काउंट्या १८२५ च्या तहाच्या जमिनीतूनच पडल्या. १८२७ मध्ये राज्याने चक्क सोडत काढली: मोजणीदारांनी २०२.५ एकरांचे चौकोन आखले, पिंपात चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याचं नाव निघेल त्याला तो चौकोन. जॉर्जियाच्या रहिवाशाला एक संधी, बायकोपोरं असली तर दोन. मामा मोजणी खात्यातले असल्यामुळे त्यांना यात सगळ्यात जास्त रस. साखळी किती लांबीची, खुणा कशाच्या, ओढा मध्ये आला तर काय करायचे. मला उत्तरं येत नव्हती.

मॅकिंटॉश रिझर्व्ह पार्क व्हाइट्सबर्गजवळ चॅटाहूचीच्या वळणावर आहे. नदी इथे रुंद आणि गढूळ, पलीकडे दाट झाडी. आसपास तंबू टाकलेली कुटुंबं, सायकलवरची पोरं, कुणीतरी मासे भाजत होतं. उंचवट्यावर जुन्या पद्धतीचं ओंडक्यांचं घर उभं केलेलं आहे आणि जवळच मॅकिंटॉशची कबर. मूळ घर राहिलं नाही, कारण ते त्या रात्रीच जाळलं गेलं.

सभेच्या परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, असा मस्कोगींचा कायदा होता. हा कायदा मॅकिंटॉशला कुणी शिकवायची गरज नव्हती. कायदा राबवणारं जे घोडेस्वार पथक होतं, त्याचा म्होरक्या एके काळी तोच. तह मंजूर झाल्यावर क्रीकांना हलायला सप्टेंबर १८२६ पर्यंत मुदत होती. पण गव्हर्नर ट्रूपला तेवढा धीर नव्हता. त्याने भावाकडे मागणी केली की मोजणी आधीच सुरू करू द्या, आणि मॅकिंटॉशने होकार कळवला. ही बातमी वरच्या गावांत पोचली तेव्हा सभेने निर्णय घेतला.

३० एप्रिल १८२५, पहाट व्हायच्या आधी. वरच्या गावांचे शे-दोनशे लोक आले, पुढे मेनावा. मुक्कामाला असलेल्या गोऱ्या प्रवाशांना बाहेर पडू दिलं, बायकामुलांना सोडलं. चिली मॅकिंटॉश, थोरला मुलगा, जवळच्या इमारतीत झोपला होता. तो खिडकीतून उडी मारून नदीकडे पळाला आणि वाचला. घराला आग लावली. तहावर सही करणारा म्हातारा एटोमी टस्टनगी आतच मारला गेला. मॅकिंटॉशने वरून गोळ्या झाडल्या, पण धुरात टिकाव लागेना. त्याला बाहेर ओढून गोळ्या घातल्या, भोसकलं. त्याच दिवशी जावई सॅम्युएल हॉकिन्सलाही पकडून मारलं. गुरं मारली, सामान लुटलं. पेगी आणि सुझॅना या दोन विधवांनी तह करणाऱ्या त्याच आयुक्तांना मदतीसाठी पत्र लिहिलं.

जॉर्जियाच्या वर्तमानपत्रांनी याला खून म्हटलं, आणि ट्रूपने सूडाची भाषा केली. मामांचं मत वेगळं पडलं. "शिक्षा होती. नोटीस दिलेली होती. कायदा त्याला ठाऊक होता." मी म्हटलं, मामा, सुनावणी नाही, बचाव नाही, पहाटे घर पेटवायचं. ते म्हणाले, सुनावणी झाली असती तर सुटला असता का? यावर आमचं बराच वेळ वाजलं. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी एकदा वळून पाहिलं.

मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त खुपते. मस्कोगींची बाजू कागदावर जिंकली. ओपोथलेयाहोला शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेला, ॲडम्सने चौकशी केली आणि २४ जानेवारी १८२६ च्या नव्या तहाने जुना रद्द झाला. सिनेटने मंजूर केलेला आदिवासी तह असा मोडीत निघाल्याचं दुसरं उदाहरण नाही. पण नव्या तहातही जॉर्जियातली बहुतेक जमीन द्यावीच लागली. अलाबामातली तेवढी परत मिळाली. उरलेल्या पश्चिमेच्या पट्ट्यासाठी ट्रूप थांबला नाही. मोजणीदार पाठवले, केंद्राने अडवलं तर मिलिशिया उभी करू म्हणाला. ॲडम्स मागे सरला. १८२७ च्या नोव्हेंबरात तो पट्टाही गेला.

म्हणजे ज्या तहासाठी माणूस मारला तो खोटा ठरला, आणि जमीन गेली ती गेलीच.

"ताबा," मामा म्हणाले, आणि शेंगांची दुसरी पिशवी उघडली.

रविवार, हॉर्सशू बेंड

अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ तासभर मागे जातं. मामांनी मनगटावरचं घड्याळ बदलायला नकार दिला. ते अजून भारताची वेळ दाखवतं, त्याला असल्या फालतू फरकाचं काही नाही.

टॅलापूसा नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि मधे शंभरेक एकरांचं द्वीपकल्प तयार होतं. १८१३-१४ मध्ये मस्कोगींमध्येच यादवी पेटली होती. लाल काठीवाले, म्हणजे गोऱ्यांची जीवनपद्धती झुगारून द्या म्हणणारे, मुख्यतः वरच्या गावांतले. त्यांच्याविरुद्ध अँड्र्यू जॅक्सनची फौज, आणि तिच्यासोबत चेरोकी व खालच्या गावांचे क्रीक. त्यात मॅकिंटॉश. नालेच्या तोंडाशी लाल काठीवाल्यांनी ओंडक्यांची भिंत उभारली होती. आज तिथे पांढरे खुंट रांगेने रोवलेत, त्यावरून अंदाज येतो. जॅक्सनने टेकाडावरून दोन तोफा चालवल्या, भिंतीला काही झालं नाही. पण पलीकडच्या बाजूने काही चेरोकी पोहत गेले, बांधलेल्या होड्या पळवल्या, त्यांतून माणसं उतरवली आणि मागून गाव पेटवलं. २७ मार्च १८१४. हजारेक योद्ध्यांपैकी आठशेहून अधिक मेले. मेलेल्यांची मोजदाद करताना प्रत्येकाचं नाक छाटलं, म्हणजे एकच प्रेत दोनदा मोजलं जाणार नाही. पाचशे सत्तावन्न. नदीत गेले ते वेगळे.

तीन मैलांची पायवाट आहे. मी चाललो, मामा अर्ध्यात बाकावर बसले आणि रेंजरशी गप्पा मारत राहिले. परत आलो तेव्हा रेंजर त्यांना कागदावर नदीचा नकाशा काढून दाखवत होता.

या लढाईत लाल काठीवाल्यांचा एक म्होरक्या सात गोळ्या खाऊन रात्रीच्या अंधारात निसटला. तोच मेनावा. अकरा वर्षांनी मॅकिंटॉशच्या दारात उभा राहिला तो हा. कोणी म्हणेल जुना हिशेब. मला तसं पूर्ण वाटत नाही, कारण त्याला पाठवणाऱ्या सभेत जॅक्सनच्या बाजूने लढलेलेही मुखिये होते. आणि त्या मुखियांना जॅक्सनने काय दिलं होतं? ऑगस्ट १८१४ च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात दोन कोटींहून अधिक एकर काढून घेतले, त्यात त्याच्या क्रीक मित्रांचीही जमीन. तहावर सह्या केल्या त्या बहुतेक त्या मित्रांनीच. मॅकिंटॉशने या तहातून धडा घेतला असावा की लढून, मैत्री करून, कशानेही जमीन राहत नाही, तेव्हा स्वतःचं बघा. ओपोथलेयाहोलाने त्याच अनुभवातून उलटा धडा घेतला.

या दोन घराण्यांचं भांडण छत्तीस वर्षांनंतर आणि सातशे-आठशे मैलांवर पुन्हा उभं राहिलं. अमेरिकी यादवीत, नोव्हेंबर १८६१ मध्ये, इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) राउंड माउंटनला कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या फुटीर राज्यांचं, सैन्य ओपोथलेयाहोलाच्या लोकांवर चालून गेलं. त्या सैन्यात क्रीक पलटणीचे अधिकारी होते चिली आणि डॅनियल मॅकिंटॉश. थंडीत उघड्यावर कॅन्ससकडे पळताना ओपोथलेयाहोलासोबतची कितीतरी माणसं गेली. १८६३ मध्ये तोही गेला. मेनावाला त्याआधीच, १८३० च्या दशकात, सगळ्यांबरोबर पश्चिमेला हाकललं होतं. सेमिनोल आदिवासींविरुद्ध सरकारच्या बाजूने लढूनही.

परतीच्या वाटेवर मामांनी शेवटचा कागद विचारला. अलाबामातली जमीन तरी राहिली होती ना, ती कशी गेली?

ती १८३२ च्या तहाने, आणि त्यावर ओपोथलेयाहोलाचीही सही आहे. जमीन सामाईक राहू देणार नाही, तर निदान माणशी नावावर करून द्या, असा सौदा झाला. नव्वद मुखियांना प्रत्येकी सहाशे चाळीस एकर, इतर कुटुंबप्रमुखांना तीनशे वीस. विकायचं किंवा राहायचं, ज्याची त्याची मर्जी. विक्री सरकारी अधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हायची. जॉर्जियातल्या कोलंबस शहरातल्या जमिनीच्या दलालांनी मग काय केलं, तर भलत्याच क्रीक माणसांना थोडे पैसे देऊन खऱ्या मालकाच्या नावाने अधिकाऱ्यापुढे उभं केलं. सही झाली, शिक्का बसला, मालकाला पत्ताही नाही. १८३५ च्या सुरुवातीला हे इतकं माजलं की चौकशी लावावी लागली, आणि ती पुरी व्हायच्या आत १८३६ मध्ये उपासमारीने चिडलेल्या काही गावांनी उठाव केला. मग सगळ्यांनाच हाकलायला निमित्त मिळालं.

मामा पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

"तोतया उभा केला! अरे, दुय्यम निबंधकाकडे आजही हेच. फक्त आता अंगठा मशीनवर घेतात." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणावर कारवाई झाली का, ते बघ बरं जरा तुझ्या फोनवर."

मी गाडी चालवत होतो. फोन त्यांच्याकडे दिला.